आपला जोडा आपणच काढ

"ये वं, जोडा काढ. तुमचं कामच हाय ते."

कुणाल हे आमच्या बोलीत म्हणाला. स्कॉटलंडमधल्या एका तळ्याच्या काठावर, विद्यापीठातल्या सगळ्या पोरापोरींसमोर. त्याचा एक बूट धक्क्यावरून पाण्यात गेला होता. त्याच्याच लाथेनं गेला. पाण्यात घालायचे रबरी जोडे चढवायचे म्हणून त्यानं पायातले बूट झटकले, त्यातला एक सरळ तळ्यात. थोडा तरंगला. मग नाक खाली करून बुडाला.

त्यानं बुटाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मग बाकीच्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "हिचे लोक पाणबुडेच आहेत. आमच्या गावच्या तलावात वाढली ही. बघा आता."

दोघातिघांनी मोबाइल वर केले.

आणि मी खाली वाकले. बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

हातांनी डोक्याला विचारलंच नाही. त्याचा शब्द आला आणि हात नाड्यांपाशी गेले. एक पाय बुटासकटच पाण्यात टाकला. थंडी हाडात शिरली. त्याच वेळी मला माझं तोंड आतून जाणवलं. ओठ ताणलेले. गाल वर ओढलेले. मी हसत होते.

ते हसू माझं नव्हतं. कुणाचं होतं ते मला नीट ठाऊक होतं.

आम्ही ढिवर, मासे धरणारी जात. गाव सडक अर्जुनीहून आत, अर्जुनी मोरगावच्या रस्त्यानं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की आभाळ साफ असताना दूर आमच्याकडच्या प्रतापगडची टेकडी दिसते. तलाव जुना. मालगुजारानं, म्हणजे जुन्या जमीनदारानं, खोदला असं मालगुजाराच्या घरचे सांगतात. खोदला कुणी ते आमचे म्हातारे सांगतात. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, मासेमारीचा ठेका आमच्या ढिवर सोसायटीकडे आला. पण गावात त्या घराला अजूनही 'मालक' म्हणतात. कागद बदलला, तोंड नाही बदललं.

बाबा पहाटे डोंगा घेऊन जाळं टाकत. माय हायवेवरच्या ढाब्यांवर मासळी विकायला जाई. ट्रकवाले विचारत, "ताजी है क्या?" माय म्हणे, "जिंदी है, हात लगाके देखो." मायचं हिंदी एवढंच. त्यावर आमचं घर चाललं आणि माझी शाळाही.

कुणाल मालकाचा नातू. नागपूरला शिकायचा. सुट्टीत गावी यायचा. एकदा त्यांच्याकडे नागपूरचे पाहुणे आले होते. पाळीवर सतरंज्या टाकल्या. मटण शिजत होतं. आम्ही पोरं जरा लांब उभी. वासानं आलेली. कुणालनं पायातली चप्पल काढून तलावात फेकली आणि मला म्हणाला, "आण."

मी आणली. मला वाटलं खेळ आहे.

त्यानं पुन्हा फेकली. आणखी लांब. मी पुन्हा आणली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या एका पोरानं आपली चप्पल फेकली. मग एका मोठ्या माणसानं बूट. चामड्याचा, तो लगेच तळाला गेला. मी बुडी मारली, गाळात हात घातला, शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकला. वर आले तेव्हा नाकातून रक्त येत होतं. बूट माझ्या हातात होता.

एक बाई म्हणाली, "अय्या, जलपरीच आहे गं!" आणि जिलबीचा तुकडा वरून माझ्या ओंजळीत टाकला. वरून. बोट लागू नये म्हणून.

बाबा तिथंच होते. डोंग्यापाशी. पाहुण्यांना तलावात फिरवून आणायला बोलावलं होतं त्यांना. मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते. ओठ ताणून, गाल वर ओढून. कुणालला म्हणाले, "छोटे मालक, तुमी लांब फेकता बाप्पा."

कुणाल बारा-तेरा वर्षांचा असेल. माझा बाप त्याला 'तुमी' म्हणत होता. तो माझ्या बापाला 'तू' म्हणत होता.

घरी मायनं माझं नाक धुतलं. रात्रीचा भात सगळ्यांनी खाल्ला. मी पण खाल्ला.

मी शिकले. गावातल्या शाळेत, मग अर्जुनीला, मग नागपूरला वसतिगृहात. गोड्या पाण्यातल्या माशांवर एम.एस्सी. केलं. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि स्कॉटलंडला गेले. गावात बॅनर लागला. बॅनरवर माझ्या फोटोपेक्षा मालकाचा फोटो मोठा. 'गावची लेक, गावाचा अभिमान.' ज्या घराच्या ओट्यावर मी कधी बसले नाही त्या घराचा मी अभिमान.

तिकडे पहिल्याच दिवाळीत भारतीय विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात कुणाल दिसला. तो मॅनेजमेंट शिकायला आलेला. त्यानं मला ओळखलं. डोळ्यांत दिसलं मला. पण त्यानं नजर पलीकडे नेली. मला बरं वाटलं. मला वाटलं, इथं आपण दोघंही नवे. इथं ना त्याचा तलाव, ना माझा.

काय येडी होती मी.

शनिवार-रविवारच्या त्या सहलीला मी गेले ती वांबुईमुळे. वांबुई केनियाची, माझ्याच वर्गात. म्हणाली, डोंगरातल्या तळ्यावर कयाक चालवायला शिकवतात, रात्री तिथंच राहायचं, चल. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. मला होडीपेक्षा पाणी बघायचं होतं. कित्येक महिने उघडं पाणी बघितलं नव्हतं. बसमध्ये चढले तर मागच्या सीटवर कुणाल. सोबत त्याचे दोन दिल्लीकडचे मित्र आणि पुण्याची सई. वाटेत तळं दिसलं तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हललं. आपलाच तलाव कुणीतरी उचलून डोंगरात ठेवला असं वाटलं. त्या आनंदात मी बसमधून उतरले.

आणि मग धक्का. बूट. "ये वं."

'वं' म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे बाया एकमेकींना म्हणतात, "काय वं, कुठं जाऊन राहिली?" त्यात माया असते. पण मालकाच्या घरचा माणूस पाळीवरून आमच्या बायांना 'वं' म्हणतो तेव्हा त्यात ढोराला हाकायची काठी असते. कुणाल तिकडे एक शब्द मराठी बोलत नसे. सईशीसुद्धा इंग्रजीत. आमची बोली त्यानं माझ्यासाठी राखून ठेवली होती. हुकमासाठी.

माझा एक पाय पाण्यात. शिकवणारी बाई लांबून ओरडली की थांब, आमच्याकडे लांब काठीचा आकडा आहे, आपण काढू. कुणाल म्हणाला, "नाही नाही, तिला आवडतं हे."

तेव्हा वांबुई जवळ आली. तिनं इंग्रजीत एवढंच विचारलं, "बूट त्याचा आहे. मग तू का?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते उत्तर कुठल्याही भाषेत मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं. मी ढिवर आहे म्हणून. तो मालक आहे म्हणून. त्यानं म्हटलं म्हणून.

पाय बाहेर काढला. ओला बूट तसाच. तोंडावरचं ते हसू हातानं पुसावं तसं पुसलं. आणि त्याच्याकडे बघून म्हणाले,

"आपला जोडा आपणच काढ."

त्याच बोलीत म्हणाले. 'काढा' नाही. 'काढ'.

बूट गेल्याचं त्याला काही नव्हतं. मी नाही म्हटलं त्याचंही फार नव्हतं. त्याला लागला तो 'काढ'. त्याचा चेहरा पांढरा पडला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तू कोणाले 'तू' म्हणून राहिली?"

"तुले."

शिकवणाऱ्या बाईनं आकडा टाकून बूट वर काढला. सगळे हसले. ज्यांना काही कळलं नव्हतं ते टाळ्या वाजवून पाण्याकडे गेले. मी होडीत बसले. ती होडी दोनदा उलटली माझी. आमचा डोंगा रुंद, ही केसाएवढी. पाण्याखाली गेल्यावर मी रडून घेतलं. तिथं कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरात लांब टेबलाभोवती सगळे बसले. आमच्या भारतीय टोळीनं खिचडी लावली होती. मी वाढायला म्हणून पळी उचलली. कुणाल मोठ्यानं म्हणाला, "नको, राहू दे. मासळीचा वास लागेल."

सई हसली. मग मी बघतेय असं बघून गप्प झाली. म्हणाली, "अगं, गंमत करतोय तो. तू फार मनाला लावून घेतेस."

दिल्लीचा एक म्हणाला, "यहाँ कास्ट-वास्ट कोई नहीं मानता यार. चिल."

कुणाल म्हणाला, "कास्टचं काय त्यात? हिचं घर आमच्या तलावावर जगलं. माझ्या आजोबांनी ह्या लोकांना जगवलं. आज ही मला शिकवते."

मी पळी ठेवली. खाली बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. इंग्रजीत, म्हणजे टेबलावरच्या प्रत्येकाला कळेल. चप्पल सांगितली. चामड्याचा बूट सांगितला. शिंगाड्याची वेल, नाकातलं रक्त, वरून टाकलेली जिलबी. बाबांचं हसू सांगितलं. सांगताना आवाज कापत होता. कापू दिला.

कुणाल म्हणाला, "लहान होतो आम्ही."

"दोघंही लहान होतो," मी म्हणाले. "पाण्यात मी एकटीच होते."

भांड्याला चमचा लागल्याचाही आवाज नाही. तेवढ्या शांततेत मला वाटलं, जिंकले. काही जिंकलं नव्हतं. थोड्या वेळानं सई म्हणाली, "खिचडी गार होतेय." आणि सगळे जेवायला लागले. शिकवणारी बाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, वाईट वाटलं ऐकून, तक्रार करायची असेल तर विद्यापीठात कक्ष आहे. तिनं मनापासून म्हटलं. पण तक्रार काय लिहू? 'वं' म्हणाला? 'वं' चं इंग्रजी मला आलं नाही.

भारतीय टोळीच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. वातावरण खराब करते म्हणून. वातावरण आधी चांगलं होतं. त्यांच्यासाठी.

कुणालनं घरी फोन केला असणार. कारण मग बाबांचा फोन आला.

बाबा फोनवर कधी फार बोलत नाहीत. जेवली का, थंडी हाय का, एवढंच. त्या दिवशी सरळ म्हणाले, "माफी मांगून टाक, बाई."

मालकानं त्यांना बोलावून घेतलं होतं. अंगणात उभं केलं होतं. बस म्हटलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मालक सांगत होता, "याची पोरगी शिकली. आता आमच्या पोराले 'तू' म्हणते." ऊन डोक्यावर येईपर्यंत बाबा तिथं उभे होते.

"काऊन मांगू, बाबा? मी काय केलं?"

"काही नाही केलं. तरी मांग. एक शबुद त हाय."

"एकच शब्द आहे तर त्यानं का नाही दिला मला कधी?"

बाबा म्हणाले, "तू तिकडं हायस. आमाले इथं राहाचं हाय."

हे खरं होतं. त्याच्यावर माझ्याकडे काही नव्हतं. मी इतकंच म्हणाले, "मी नाही मागणार." त्यांनी फोन ठेवला. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मायच्या फोनमागे त्यांचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

उन्हाळ्यात मालकाच्या माणसांनी तलावाचं तुडूम उघडलं. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं दार. ते त्याच्या शेताच्या अंगाला आहे. उन्हाळी धानाला पाणी पाहिजे म्हणाला. दरसाल थोडं सोडायचे, मासळीपुरतं ठेवायचे. त्या साली ठेवलं नाही. सोसायटीनं टाकलेलं मासळीचं बीज हाताएवढं झालं होतं. रोहू, कटला, मृगळ. सगळं गाळात तडफडलं. बगळे उतरले. कुत्रे उतरले. आमच्या मोहल्ल्यातली माणसं डोक्याला हात लावून पाळीवर बसली.

आणि मालकाला कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं ते माझ्या मायला. हातपंपावर बाया तिला म्हणाल्या, "तुया पोरीच्या जिभेनं तलाव आटवला."

हे मायनंच सांगितलं मला. मी विचारलं, "माय, मागू का माफी?" तेव्हा मी खरंच विचारत होते. मी थकले होते. गाळातले मासे मला रोज दिसत होते.

माय म्हणाली, "नोको मांगजो. एकदा मांगली का मरेवरी मांगा लागते. तुया बाप मांगूनच राहिला हाय."

तिकडे नोकरी मिळत होती. एका मत्स्य संशोधन केंद्रात. वांबुई म्हणाली, घे, वेडी आहेस का. तिचं चुकलं नव्हतं. पण मी तिकडे राहिले असते तर मालक म्हणाला असता, पळाली. आणि मोहल्ला म्हणाला असता, आग लावून पळाली. मी परत आले. सडक अर्जुनीला बसमधून उतरले तेव्हा घ्यायला माय एकटी आली होती. डोक्यावर रिकामी टोपली. ढाब्यावरूनच आली होती. मला बघून म्हणाली, "हडकली वं तू."

किती दिवसांनी तो 'वं' बरोबर तोंडातून ऐकला.

आल्यावर आठवड्याभरात ढिवर सोसायटीची बैठक होती. समाजमंदिरात. मी जाऊन बसले. अध्यक्ष माझे चुलतकाका. मला बघून म्हणाले, "तू कायले आली? बायांचं काम नाही इथं."

बैठकीचा विषय असा होता की सगळ्यांनी मिळून नारळ घेऊन मालकाकडे जायचं, हात जोडायचे, आणि यंदा मासळीपुरतं पाणी ठेव म्हणायचं.

मी म्हणाले, "तलाव त्याचा नाही. ठेका आपला आहे. पाणी सोडायचा हक्क त्याच्या एकट्याचा नाही. नारळ कायले?"

काका म्हणाले, "हे आमाले ठाऊक नाही का? आमी का येडे हाओत? सारं ठाऊक हाय. पण तुडूम त्याच्या बांधीले लागून हाय. रातच्याला उघडते. कोण जाईल अडवाले? तू?"

कुणी हसलं नाही. काका थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते. मला तिथं कळलं की ह्या माणसांना शिकवायचं काही नाही. कायदा ठाऊक आहे, अन्याय ठाऊक आहे, पोट ठाऊक आहे. फक्त पहिला उभा कोण राहणार, एवढंच बाकी आहे. आणि जो उभा राहील त्याच्यामागे बाकीचे येतीलच असं नाही.

"मी," मी म्हणाले.

पुरुष उठले. एकेक करून बाहेर पडले, मालकाच्या घराकडे. नारळ बाबांच्या हातात दिला होता. बाबा माझ्याजवळून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. दया पण आली नाही. मला एवढंच दिसलं की त्यांची पाठ वाकली आहे आणि ती वयानं वाकलेली नाही.

मालकानं नारळ ठेवून घेतला. बघू म्हणाला.

तलाव यंदा काठोकाठ भरला. सोसायटीनं पुन्हा बीज टाकलं आहे. मी सिंचन विभागात अर्ज दिला, तहसीलमध्ये दिला. तिथला साहेब म्हणाला, "मॅडम, गाँव का मामला है, आपस में बैठके निपटा लो." आपसात बसायला मालक आम्हाला ओटा देत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं फाइल बंद केली. मी पुन्हा जाणार आहे. त्याची बदली झाली तर दुसऱ्याकडे जाईन.

आणि उन्हाळी धानाची वेळ आली की मालकाची माणसं तुडूम उघडायला येतील. तेव्हा मी तुडमावर बसलेली असेन. माय येते म्हणाली आहे. हातपंपावर मायला बोलणाऱ्यांतल्याच दोघी परवा संध्याकाळी घरी आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगजो, कवा बसाचं हाय त." आणखी कुणी आलं तर येईल. नाही आलं तर आम्ही चौघी.

ते आम्हाला उचलून बाजूला टाकतील. टाकू देत. आम्ही परत येऊन बसू. पोलीस आणतील. आणू देत. कुणाल सुट्टीला आला आणि स्वतः पाळीवर आला, तर तोही बघेल. त्याला वाट देणार नाही.

पाणी आमचं आहे. आम्ही उठणार नाही.